पोलीस तपास कसा चालतो आणि पोलिसांना जाब कुठे विचारायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक मला कोर्टाच्या आवारात विचारतात, व्हॉट्सअॅपवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत पण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी फौजदारी वकिली करते आणि हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. १ जुलै २०२४ पासून जुना सीआरपीसी गेला आणि बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे कलमांचे नंबर बदललेत. पोलीस स्टेशनात मात्र अजून अर्धे लोक १५६, १६१, ४१ए असंच बोलतात, म्हणून जिथे गरज आहे तिथे जुना नंबर पण देतेय. स्वतःच्या केससाठी वकील गाठाच, पण वकिलाला काय विचारायचं एवढं यातून कळलं तरी बास.

पोलीस एफआयआरच घेत नाहीत, काय करू?

खून, बलात्कार, दरोडा, अपहरण, जिवे मारायचा प्रयत्न हे सगळे दखलपात्र गुन्हे, म्हणजे ज्यांचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करू शकतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवायचाच, "आधी चौकशी करतो मग बघू" चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच ललिता कुमारी केसमध्ये सांगून झालंय. नव्या कायद्यात एक फट ठेवलीय, तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असेल अशा गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, पण खुनाला किंवा बलात्काराला ती लागू नाही, त्यामुळे तिथे कोणी चौकशीच्या नावाखाली घोळवत असेल तर ते चूकच.

प्रत्यक्षात तुम्हाला कोणी "घेत नाही" असं तोंडावर म्हणत नाही. "साहेब बंदोबस्ताला गेलेत", "उद्या सकाळी या", "आपसात मिटतंय का बघा" असं म्हणतात. तेव्हा वाद घालत बसू नका. लेखी अर्ज करा, दोन प्रती, एक त्यांना आणि दुसरीवर पोच, म्हणजे शिक्का, सही, तारीख आणि वेळ. पोच देत नसतील तर तोच अर्ज एसपींना, शहरात असाल तर डीसीपींना, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. त्यानेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३), जुनं १५६(३), सोबत प्रतिज्ञापत्र. एसपींचा टप्पा गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच लटकतो, हे लोकांना फार उशिरा कळतं.

आणि बलात्कार, अॅसिड हल्ला असल्या गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणारा अधिकारी स्वतःच आरोपी होऊ शकतो, न्याय संहितेचं कलम १९९, सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. हे कलम काउंटरवर शांतपणे उच्चारलं की बऱ्याचदा हरवलेलं पेन सापडतं.

"आमच्या हद्दीत येत नाही" म्हणतात

झिरो एफआयआर मागा. कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवावाच लागतो, नंतर ते ज्याच्या हद्दीत आहे त्याला पाठवतात. आता हे थेट कायद्यातच लिहिलंय. ऑनलाइन पण माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. पण खून-मारामारीत ऑनलाइनच्या नादी लागू नका, ११२ ला फोन करा, त्या कॉलची वेळ नोंदली जाते आणि ती नंतर फार कामाला येते.

हातात एनसी दिलीय, म्हणजे केस झाली ना?

नाही हो. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. डोकं फुटलेल्या माणसाला किरकोळ मारहाणीची एनसी देऊन घरी पाठवणं हा जुना खेळ आहे. अशा वेळी आधी सरकारी दवाखान्यात जा, मेडिकल करून घ्या, डॉक्टरांनी जखमेचं जे लिहिलं त्यावर कलम वाढतं.

फिर्याद देताना नेमकं काय बघायचं?

फिर्याद तुम्ही बोलता आणि ठाणे अंमलदार कॉम्प्युटरवर टाईप करतो. रात्रीचे अकरा वाजलेत, तुम्ही रडून रडून थकलेले आहात, शेजारी दोन नातेवाईक तिसरंच काहीतरी सांगतायत, आणि पोलिसांची स्वतःची एक ठरलेली भाषा असते, "सदर इसमाने मला शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली" वगैरे. तुम्ही म्हणालात कोयता, त्याच्या बोटांना सवय आहे "धारदार हत्यार" लिहायची. तुम्ही म्हणालात तिघं होते, दोघांना ओळखते, तिसऱ्याने तोंडाला रुमाल बांधला होता, आणि कागदावर येतं "इतर एक अनोळखी". पुढे चार वर्षांनी कोर्टात बचावाचा वकील हाच कागद हातात धरून विचारतो की रुमालाचं तुम्ही पोलिसांना सांगितलंच नव्हतं ना. म्हणून सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला लावा, चुकलं असेल तर दुरुस्त करायला लावा, लाजू नका. वेळ बघा, घटनेची वेळ आणि खबर दिल्याची वेळ या दोन वेगळ्या रकान्यांत असतात. उशीर झाला असेल तर का झाला ते त्यातच लिहायला लावा. आणि प्रत फुकट मिळते, तिथेच घ्या, गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर लिहून ठेवा. संवेदनशील प्रकरणं सोडली तर एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवरही टाकतात.

खून झाल्यावर पहिल्या दिवशी पोलीस काय काय करतात?

टीव्हीवर दाखवतात तसं कोणी भिंग घेऊन फिरत नाही. आधी जागा अडवतात, निदान अडवायला हवी, आपल्याकडे तोवर अर्धं गाव आत जाऊन बघून आलेलं असतं. मग इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेह कसा पडलाय, अंगावर काय कपडे, जखमा कुठे दिसतात हे दोन पंचांसमोर लिहितात आणि बॉडी पोस्टमॉर्टेमला पाठवतात. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला असेल तर हा पंचनामा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, बहुतेक वेळा तहसीलदारांसमोर होतो, आणि पोस्टमॉर्टेम टाळता येत नाही.

मग घटनास्थळ पंचनामा. रक्ताचा नमुना, जवळची साधी माती वेगळी आणि रक्त पडलेली माती वेगळी, हत्यार, चप्पल, सिगारेटचं थोटूक जे असेल ते. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद, मग लॅबला. आपल्याकडची जुनी मोठी लॅब मुंबईत कलिन्याला, शिवाय नागपूर, पुणे वगैरे ठिकाणी आहेत. लॅबने पाकीट उघडताना सील शाबूत होतं का आणि ते पोलीस स्टेशनच्या कपाटात किती दिवस पडून होतं हा प्रश्न कोर्टात हमखास येतो, आणि केसेस इथे फुटतात, तपास करणारा हुशार नव्हता म्हणून नाही तर हवालदाराने मध्ये रजिस्टरला एक ओळ लिहिली नाही म्हणून.

नव्या कायद्याने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर येणं आणि व्हिडिओ करणं बंधनकारक केलंय, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलीय. झडती-जप्तीचंही शूटिंग करायचं असतं, मोबाईलवर केलं तरी चालतं. त्याच वेळी दुसरी टीम, जिल्ह्यात बहुतेक एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, सीसीटीव्ही गोळा करत फिरते, सीडीआर म्हणजे फोन कॉलच्या नोंदी मागवते, टॉवरचा डंप काढते, म्हणजे त्या वेळी त्या मोबाईल टॉवरवर कुठले नंबर होते ते. सीसीटीव्हीच्या बाबतीत तुम्ही स्वतः जागे राहा, दुकानांचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, तेव्हा कुठल्या दुकानाला कॅमेरा आहे याची यादी लेखी देऊन टाका. आणि डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या कलम ६३ चं, जुनं ६५बी, सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर पेनड्राईव्हमध्ये खुद्द खून दिसत असला तरी कोर्टात भांडण सुरू.

मला पंच व्हायला सांगतायत, होऊ का?

व्हा. फक्त जे समोर घडलं त्याच्यावरच सही करा, कोऱ्या कागदावर नाही आणि घरी आणून दिलेल्या कागदावर तर नाहीच. आपल्याकडे प्रत्येक स्टेशनचे ठरलेले पंच असतात, चहाच्या टपरीवर सापडणारे, एकाच माणसाची दहा पंचनाम्यांवर सही. असा पंच कोर्टात उभा राहिला की दोन प्रश्नांत फितूर. झडतीला पंच व्हायला विनाकारण नकार देणं हा गुन्हा पण आहे, हे जाता जाता.

पोलिसांनी आत्महत्या म्हणून एडी नोंदवली, आम्हाला खून वाटतो

एडी म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, तो निष्कर्ष नसतो, त्यात पुढे काही निघालं तर गुन्हा दाखल करता येतो. तुमचा संशय कोणावर आणि का हे लेखी द्या, पोस्टमॉर्टेम रिपोर्टची प्रत मागा, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवलाय का विचारा. शक्य असेल तर दहन थांबवा किंवा दफन करा, हे सांगणं क्रूर वाटतं पण राख झाल्यावर दुसरं पोस्टमॉर्टेम होत नाही.

त्याने पोलिसांसमोर कबूल केलं म्हणजे संपलं की!

पेपरात "आरोपीची कबुली" असं छापून येतं तेव्हा मी कपाळावर हात मारते. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात शून्य, इंग्रजांच्या काळापासून शून्य, कारण ती कशी निघते हे इंग्रजांनाही माहीत होतं. चालते फक्त एवढी गोष्ट, की आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या वस्तूपुरतं निवेदन, ज्याला आम्ही मेमोरँडम पंचनामा म्हणतो. विहिरीत टाकलेला कोयता दाखवतो म्हणाला आणि कोयता निघाला, तर तेवढं चालतं. खरीखुरी कबुली मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी लागते.

अपवाद मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा. त्यात एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा म्हणून घेता येते. आणि तीच कशी अंगावर येते ते ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या केसमध्ये दिसलं. स्पेशल कोर्टाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, आणि २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराच्या बारा निर्दोष सोडले. कबुलीजबाबांवर विश्वास बसला नाही, साक्षीदार तीन महिने उलटून गेल्यावर पुढे आलेले, ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता असं कोर्टाने म्हटलं. सुप्रीम कोर्टाने तीन दिवसांत सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. निकालापर्यंत एकोणीस वर्षं गेली आणि मेलेल्यांच्या घरच्यांना अजून माहीत नाही की बॉम्ब कोणी ठेवले. वाईट तपासाने फक्त आरोपीचं नुकसान होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी या लोकांशी बोलावं.

आरोपीला काळा बुरखा का घालतात, लाज वाटते म्हणून?

लाजेचा काही संबंध नाही, ओळखपरेडसाठी. साक्षीदाराने त्याचा चेहरा टीव्हीवर बघितला तर नंतर तुरुंगात सारख्या दिसणाऱ्या माणसांमधून ओळखण्याला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे आरोपीचा फोटो गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड करून तुम्ही फिर्यादीचीच केस बुडवताय.

जबाबाला बोलावलंय, जावं लागेल का? सही करू का?

साक्षीदार म्हणून लेखी बोलावलं तर जावं लागतं. बायका, १५ वर्षांखालची मुलं, ६० च्या वरचे, अपंग, गंभीर आजारी यांना स्टेशनला बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, कोणी घेत असेल तर विचारा का. स्वतःला अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती नाही, घटनेचं कलम २०(३). पण खोटं बोलू नका, गप्प बसणं आणि खोटं बोलणं यात फार फरक आहे.

नवऱ्याला उचलून नेलंय, आता काय?

आधी विचारा, अटक केलीय की चौकशीला नेलंय. अटक असेल तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणं लेखी द्यायची, त्याला समजणाऱ्या भाषेत, आणि हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका हिट अँड रन केसमध्ये सांगितलं, कोर्टात नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी. घरच्या एका माणसाला कळवायचं. मेडिकल करायचं. बाईला सूर्यास्तानंतर अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक नाही, आधी ३५(३) ची नोटीस, जुनं ४१ए, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून चालत आलंय. खुनाला मात्र ही सवलत नाही.

"चौकशीला नेलंय" असं म्हणून दोन दिवस बसवून ठेवतात आणि मग अटकेची वेळ नंतरची दाखवतात, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. यावर एकच इलाज, नेलं त्याच मिनिटाला कागद तयार करणं. कोणी नेलं, किती वाजता, कुठली गाडी, हे लिहून एसपींना आणि कंट्रोल रूमला मेल टाका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, १५१०० वर फोन करा.

पीसीआर, एमसीआर आणि ते ९० दिवसांचं काय?

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन, थोडक्यात जेल. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण नव्या कायद्यात ती सलग पहिल्या १५ दिवसांतच संपवायची गरज नाही, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येते, माझ्या मते हा बदल वाईट आहे कारण जेलमधून परत पोलिसांकडे जायची भीती महिनाभर डोक्यावर राहते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि वरच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, बाकी ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन मिळतो, हक्काने. तेव्हा "पोलिसांनी सोडून दिलं" असं म्हणू नका, वेळेत चार्जशीट का नाही आली हे विचारा.

बाईवर किंवा मुलावर अत्याचार झालाय, वेगळं काय असतं?

जबाब महिला अधिकारी घेते. मूल असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, अधिकारी युनिफॉर्ममध्ये नको. तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा. सरकारी काय आणि खाजगी काय, हॉस्पिटलने फुकट उपचार करायचेच. मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, एफआयआर झाला की अर्ज करा.

हे नियम कोणी आपणहून दिलेले नाहीत. १९७२ मध्ये आपल्या गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस स्टेशनात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये सोडून दिलं, का तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने तेच धरून चालायचं. त्यानंतर चाळीस वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवायला तासन् तास बसवून ठेवलं, लोकांनी २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर बसून लोकल बंद पाडल्या, तेव्हा एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक आलं आणि पोलीस निलंबित झाले.

तपास कुठवर आलाय हे मला कोण सांगणार?

तपासी अधिकारी. फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणं आता बंधनकारक आहे, कलम १९३. मेसेजने कळवलं तरी चालतं. केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंद, मात्र तुम्हाला मिळणार नाही, ती कोर्ट बघू शकतं. एक गोष्ट खरी सांगते, हा तपासी अधिकारी एकाच वेळी पंधरा-वीस गुन्हे, गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा आणि समन्स बजावणी हे सगळं करत असतो, त्याची बदली झाली की नवा माणूस पहिल्यापासून वाचतो. हे कारण आहे, माफी नाही. १५ दिवसांनी एक लेखी स्मरणपत्र देत जा.

पोलिसांनी "समरी" पाठवलीय म्हणे, ते काय?

समरी म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, हे आपल्याकडचं खास. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. बी समरी म्हणजे तक्रार खोटी, दुष्ट हेतूने केलेली. सी समरी म्हणजे ना धड खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी भांडण. बी समरी आली तर हलक्यात घेऊ नका, तुमच्यावरच खोट्या तक्रारीची कारवाई होऊ शकते. समरी मंजूर करायच्या आधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस द्यावीच लागते, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलंय, त्या तारखेला हजर राहा आणि विरोधाचा अर्ज द्या. कोर्ट पुढचा तपास करायला लावू शकतं.

केस सीआयडीला, सीबीआयला द्या म्हटलं की देतात का?

मागणी सगळेच करतात. सरकार सीआयडी किंवा एसआयटीकडे देऊ शकतं, बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनात डिसेंबर २०२४ नंतर तेच झालं. सीबीआयला राज्याची संमती लागते, महाराष्ट्राने ती ऑक्टोबर २०२० मध्ये सरसकट काढून घेतली होती आणि दोन वर्षांनी परत दिली, पण हायकोर्टाने आदेश दिला तर संमती लागत नाही.

सीबीआय म्हणजे जादू नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर झाला, दिवसाउजेडी, सकाळी फिरायला गेलेले. पुणे पोलिसांनी दोन शस्त्रविक्रेते धरले, ९० दिवसांत चार्जशीट नाही, सुटले. २०१४ मध्ये हायकोर्टाने केस सीबीआयला दिली आणि पुढे २०२३ पर्यंत स्वतः लक्ष ठेवलं. गोळ्या झाडल्याचा आरोप असलेले दोघे हाती लागायला २०१८ उजाडलं. १० मे २०२४ ला त्या दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष, आणि निकालात कोर्टानेच म्हटलं की सूत्रधार कोण हे शोधण्यात तपास यंत्रणा कमी पडल्या. हायकोर्टाचं लक्ष नसतं तर एवढंही झालं असतं का, मला शंका आहे.

कोठडीत मारतायत, पुरावा कसा ठेवायचा?

मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर "काही तक्रार आहे का" असं विचारतात, तिथे सांगा, शर्ट वर करून दाखवा, मागे उभ्या पोलिसाकडे बघू नका. मॅजिस्ट्रेटने ते लिहून मेडिकलला पाठवायचं असतं. दुसरं म्हणजे सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनात आवाजासकट कॅमेरे लावायला सांगितलेत, लॉकअप, व्हरांडा, ड्युटी अधिकाऱ्याची खोली सगळीकडे, आणि फुटेज १८ महिने, अगदीच जमत नसेल तर निदान एक वर्ष ठेवायचं. फुटेज जपून ठेवा असा अर्ज त्याच आठवड्यात द्या, कारण नेमका त्याच दिवशी कॅमेरा बंद असतो हा आपल्या राज्यातला नव्हे, देशभरचा योगायोग आहे.

पोलीस स्टेशनात मोबाईलवर शूटिंग केलं तर गुन्हा होतो?

शासकीय गोपनीयता कायद्याखाली होत नाही. पोलीस स्टेशन हे त्या कायद्यातलं "निषिद्ध ठिकाण" नाही असं नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या केसमध्ये सांगितलंय. तरी पीडितांचे चेहरे टिपू नका आणि हुज्जत घालू नका, सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावायला वेळ लागत नाही.

कोठडीत माणूस मेला किंवा एन्काउंटर झाला तर चौकशी कोण करतं?

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतो, पोस्टमॉर्टेमचं शूटिंग होतं, मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवायचं असतं. एन्काउंटरचे नियम २३ सप्टेंबर २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहेत आणि ती केस महाराष्ट्राचीच होती: एफआयआर हवाच, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या स्टेशनच्या टीमने, दंडाधिकारी चौकशी, लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, बदलापूरचा आरोपी पोलिसांच्या गाडीत मुंब्रा बायपासवर गोळी लागून मेला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकारी चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, त्यानंतरही गुन्हा नोंदवायला सरकार तयार होईना, एप्रिलमध्ये हायकोर्टाला एसआयटीचा आदेश द्यावा लागला. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला, सरकारचं म्हणणं हार्ट अॅटॅक, पोस्टमॉर्टेममध्ये अनेक जखमा, तिथेही जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेच एफआयआर करायला लावला आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही.

"आरोपी नराधमच होता, मेला ते बरं झालं" हे मला इतक्या लोकांनी ऐकवलंय. खटला चालला असता तर शाळेतल्या कोणाकोणाला माहीत होतं हे बाहेर आलं असतं.

पोलिसांना शिक्षा होते तरी का कधी?

होते, क्वचित. ११ नोव्हेंबर २००६ ला लखनभैयाला, म्हणजे गुंड असल्याचा संशय असलेल्या रामनारायण गुप्ताला, वाशीतून उचललं आणि संध्याकाळी वर्सोव्याला एन्काउंटर दाखवला. त्याचा भाऊ वकील, त्याने उचलल्याचं कळताच त्याच दुपारी अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले होते, माझ्या भावाला नेलंय, त्याचं बरंवाईट होईल म्हणून. एन्काउंटरच्या आधीच्या वेळेचे ते कागद नंतर कोणाला पुसता आले नाहीत. मधल्या काळात त्याच्यासोबत उचललेला महत्त्वाचा साक्षीदार कोर्टात साक्ष द्यायच्या आधी बेपत्ता झाला आणि त्याचा मृतदेह सापडला. २०१३ मध्ये १३ पोलीस दोषी ठरले, एन्काउंटरसाठी गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा सुटले, आणि मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यांनाही जन्मठेप दिली. त्यावर ते सुप्रीम कोर्टात गेलेत आणि तिथे त्यांना जामीन मिळालाय.

निलंबित केलं म्हणजे शिक्षाच ना?

निलंबन ही शिक्षा नाही, अर्धा पगार चालू असतो. "कंट्रोलला जमा" ही तर नुसती बदली. खरी शिक्षा खात्यांतर्गत चौकशी होऊन मिळते, पगारवाढ रोखणं ते बडतर्फी. निलंबनाची बातमी वाचून लोक शांत होतात आणि वर्षभराने माणूस शेजारच्या तालुक्यात रुजू होतो, म्हणून माहिती अधिकारात विचारत राहा, चौकशीचं पुढे काय झालं.

मग तक्रार नेमकी कुठे करायची?

लाच मागत असतील तर दुसरीकडे कुठेही जाऊ नका, अँटी करप्शनला १०६४. पैसे देण्याआधी फोन करा, दिल्यानंतर सापळा लावता येत नाही.

कोठडीत मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं, आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्यात २०१४ ला दुरुस्ती होऊन आलं. अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, दिवाणी कोर्टासारखे अधिकार, समन्स काढू शकतं, विभागीय पातळीवर पण आहे. मर्यादा ही की अहवाल सरकारकडे जातो आणि पुढची कारवाई सरकारच्या हातात. तरी जा, कारण अधिकाऱ्याला तिथे प्रतिज्ञापत्रावर उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर उद्या कोर्टात तुमच्या कामाला येतं. मानवाधिकार आयोगाकडे फी नाही, वकील लागत नाही, फक्त घटनेपासून एका वर्षाच्या आत जायचं.

पोलिसावर फौजदारी केस करायची तर सरकारची मंजुरी लागते असं सांगून घाबरवतात. ड्युटीचा भाग म्हणून केलेल्या कामाला लागते, आता १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. बलात्काराच्या आरोपाला मुळात मंजुरी लागतच नाही. आणि कोठडीत पट्ट्याने मारणं हा ड्युटीचा भाग होता असं म्हणणारा अधिकारी मला अजून भेटायचाय, ते सगळे मारलंच नाही म्हणतात.